संचा बंद करायची खूण

माझा आवाज मोठा आहे. फोनवर बोलले की पलीकडचा माणूस म्हणतो, जरा हळू. आमची भाजीवाली तर तोंडावर सांगते, "मौसी, मैं बहरी नहीं हूँ." ती गमतीनं म्हणते, मीही हसते, भाजी पिशवीत टाकते आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलत नाही. तिला काय ठाऊक की बहिरी हा शब्द मी किती वेळा, कुणाच्या कानाशी ओरडले आहे.

हा आवाज मी माहेरून आणलेला नाही. माहेरी, धुळ्याकडच्या गावात, मी हळू बोलणारी म्हणून माझी चेष्टा व्हायची. लग्न होऊन सुरतेला, बमरोलीत आले आणि आमची खोली निघाली संच्यांच्या डोक्यावर. यंत्रमागाला सुरतेत संचा म्हणतात आणि ते जिथे ओळीनं चालतात त्या लांबलचक शेडला खातं. आमच्या फरशीखाली खातं होतं. समोर खातं, मागे खातं. दिवसपाळी आणि रातपाळी, बारा-बारा तासांची. ताटातलं वरण आपोआप हलायचं. आठवड्याची सुट्टी असायची त्या दिवशी मालक दुरुस्त्या काढायचा, मग दिवसभर ठोकाठोक. पहिले आठ दिवस मी कानात कापूस घालून रडले. नवव्या दिवशी रॉकेल आणायला पाठवताना नवऱ्यावर अशी ओरडले की शेजारच्या खोलीतली बाई बघायला आली. झालं, तिथून गळा सुटला तो सुटलाच.

नवरा खालच्याच खात्यात संचा चालवायचा. त्याला तेव्हाच कमी ऐकू यायचं. संच्यावरच्या सगळ्या माणसांचं दहा-बारा वर्षांत तेच होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. खात्यात तोंडानं बोलून उपयोग नसतो. एकतर कानाला तोंड लावून बोंबलायचं, नाहीतर हातानं सांगायचं. त्या लोकांच्या हातांच्या खुणा ठरलेल्या होत्या. दोन चिमट्या जुळवून झटकन लांब केल्या की धागा तुटला. बोट गोल फिरवलं की धाग्याची बॉबिन संपली. अंगठा ओठाला लावला की चहा. आणि तळहात जमिनीकडे करून दोनदा खाली दाबला की संचा बंद कर, लगेच, काहीतरी बिघडलंय. डबा द्यायला गेले की मी दारात उभी राहून बघायची. पन्नास माणसं आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, नुसते हात. मला हसू यायचं. म्हटलं, घ्या, मुक्यांच्या गावात नांदायला आले मी.

लग्नानंतर दीड वर्षांनी मुलगी झाली. मी आठव्या महिन्यापर्यंत खाली बॉबिन भरायला बसत होते, आणि ती तीन महिन्यांची झाल्यावर परत बसले. कोपऱ्यात दोन खांबांना साडीची झोळी बांधायची, त्यात तिला टाकायचं. सगळ्याच बाया असं करायच्या. बाकीच्यांची पोरं त्या गोंगाटात ढाराढूर झोपायची. माझी पोर झोपायची नाही. डोळे टक्क उघडे ठेवून, हाताच्या मुठी आवळून, पडून राहायची. रडायचीही नाही. शहाणं बाळ म्हणून माझं कौतुक झालं आणि मी मेलीनं ते मिरवलं.

दीड वर्षाची झाली, दोनाची झाली, पोर बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. दारामागे बसून झाकण फिरवत राहायची, एकच झाकण, तासन्‌ तास. तिसरं लागलं तरी तेच. माझ्यानंतर आलेल्या बायांची पोरं गल्लीत अहिराणी, हिंदी, गुजराती सगळं एकाच वाक्यात कालवून भांडायला लागली होती, आणि माझी साधं माय म्हणत नव्हती. मला दुसरं काही नको होतं. शाळेत पहिली नको, शहाणी नको, नुसतं एकदा माय म्हणून हाक मार, बस. भाकरी थापतानासुद्धा मनात तेवढंच.

सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. बाई कष्टाची, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. त्यांनी वेखंड उगाळून मधातून चाटवलं, अंगारे लावले, जिभेखाली बघितलं. कशानं काही होईना तेव्हा एक दिवस कपाळाला हात लावून बसल्या आणि म्हणाल्या, "संचासनी पोरना कान खाई टाकात वं." संच्यांनी पोरीचे कान खाल्ले. सगळ्या गल्लीला ते एका क्षणात पटलं, कारण गल्लीत ज्याच्या त्याच्या घरात एक बहिरा होताच. दुसरीकडे कुठे मूल बोललं नाही तर लोक शंभर कारणं शोधतील. आम्हाला शोधायची गरजच नव्हती, कारण पायाखाली धडधडत होतं.

आणि मला तर ते सगळ्यात आधी पटलं. झोळी कुणी बांधली होती? मी बांधली होती.

मग मी तिच्याशी तसंच बोलायला लागले जसं आम्ही बहिऱ्याशी बोलतो. खात्यात नवा माणूस आला की त्याचं डोकं धरून कानाशी ओरडतात तसं. तिला मांडीत घ्यायची, हनुवटी धरून तोंड माझ्याकडे करायची आणि कानाला ओठ लावून सगळा दम काढून ओरडायची, "आठे देख! आयकू येस का तुले?" इकडे बघ, ऐकू येतं का तुला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ती अंग आकसून घ्यायची, मान फिरवायची, कधी माझ्या हाताला चावायची. मला वाटायचं, आपला आवाज अजून पोचत नाही, म्हणून मी अजून जोर लावायची. "बहिरी शे का तू? बहिरी शे?" असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा, मग मी रडायची आणि गरम पाणी पिऊन परत सुरू व्हायची.

आता खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही काही गोष्टी दिसत होत्या. बिस्किटाच्या पुड्याचा कागद मी आतल्या अंगाला, पाठ करून फाडला तरी बाहेरच्या गॅलरीतून ती धावत यायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी, नुसती वाफ फुसफुसायला लागली की दोन्ही कानांवर हात ठेवून कॉटखाली जायची. मी सासूबाईंना म्हटलं, "बहिरं माणूस कान का झाकेल?" त्या म्हणाल्या, बिस्किटाचा वास येतो आणि कुकरचा हादरा लागतो. नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ पोरीकडे बघत बसला आणि म्हणाला, "तिले आयकू येस." तिला ऐकू येतं. मी फाडकन म्हणाले, "तुम्हाला स्वतःला ऐकू येत नाही, तुम्ही काय सांगता?" तो उठून पाळीला गेला. त्या घरात माझ्यापुढे कुणाचं चालायचं नाही, त्याचं तर नाहीच.

ती चार वर्षांची असताना एका सभागृहात बहिऱ्या मुलांसाठी मोफत शिबिर लागलं. आमच्यासारख्या आयांची ही रांग. पोरं रडत होती, माईकवर नावं पुकारत होते, वर पंखे खडखडत होते. एका माणसानं माझ्या पोरीच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, मग घंटी, मग ताटली. ती बाकाच्या कडेला लागलेला खिळा बघत होती. तिनं मानसुद्धा हलवली नाही. तो माणूस कागदावर खुणा करत म्हणाला, दोन्ही कानांनी फार कमी, मशीन लावावं लागेल.

मशीन म्हणजे तेव्हा काडेपेटीपेक्षा जरा मोठी पेटी असायची. छातीवर पिशवीत ठेवायची आणि तिच्यातून दोन वायरी निघून कानांत जायच्या. त्यानं तिथेच ते लावलं आणि बटण फिरवलं. माझ्या पोरीनं जी किंकाळी फोडली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळं सभागृह गप्प झालं. ती जमिनीवर पडून डोकं आपटायला लागली. आणि तो माणूस हसला. वाईट नव्हता हो तो. आनंदानं हसला आणि म्हणाला, "बघा, रडली. म्हणजे ऐकू आलं!" रांगेतल्या बाया माझ्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. मीही हसले. पोर जमिनीवर पडलेली होती आणि मी पदरानं डोळे पुसत हसत होते.

त्यानं दोन सूचना दिल्या. एक म्हणजे मशीन दिवसभर ठेवायचं, काढायला बघेल, काढू द्यायचं नाही, सवय होते. आणि दुसरी, घरात हातवारे बंद. हातानं काम भागलं तर मूल तोंड कशाला उघडेल? त्या काळात सगळेच असं सांगायचे म्हणे. मी दोन्ही अगदी गाठ मारून घेतल्या.

पिशवी मी स्वतः शिवली. शिबिरातली पिशवी पुढून उघडायची, ती पोर दोन मिनिटांत ओढून काढायची. मी जाड कापडाची नवी शिवली, पट्टे पाठीवर नेले आणि तिथे चार बटणं लावली, घट्ट काजं करून. तिचा हात पोचणार नाही अशी जागा मी बोटं लावून लावून मोजली होती. शिवणकाम माझं चांगलं आहे. गल्लीतल्या दोन बायांनी ती पिशवी बघून तशीच शिवून मागितली.

आता हातवाऱ्यांचं सांगते, कारण खरं पाप तिथेच आहे.

पोर बापाजवळ वेगळी असायची. तो पाळी करून आला की न बोलता भिंतीला टेकून बसायचा आणि ती त्याच्या पायाजवळ जाऊन बसायची. तो बोलत नव्हता, ती बोलत नव्हती. त्याला घरीही हातानंच बोलायची सवय होती. चहा हवा असला की माझ्याकडे बघून अंगठा ओठाला लावायचा. एक दिवस मी बघते तर पोरीनं अंगठा ओठाला लावलेला. मी म्हटलं, नकला करते. पण तिला तो चहाच हवा होता, बशीतून दिला तर सगळा प्यायली. पुढे एकदा तिच्या ताटातली पोळी मोडून दोन तुकडे झाले. तिला मोडलेलं चालायचं नाही, एरवी आकांत केला असता. त्या दिवशी तिनं बापाकडे बघितलं, दोन चिमट्या जुळवल्या आणि झटकन लांब केल्या. धागा तुटला. नवरा इतका हसला, इतका हसला. त्यानं मान डोलावली, आपली अख्खी पोळी तिच्या ताटात ठेवली आणि तिचा तुकडा स्वतः खाल्ला. दोघांचं सगळं बोलणं झालं आणि मी तिथे स्टोव्हपाशी बसलेली असून मला कुणी विचारलं नाही.

मला राग आला. आज स्पष्ट सांगते, मला जळफळाट झाला. घसा मी फोडायचा, मशीन मी सांभाळायचं आणि पोर बोलणार त्याच्याशी, तेही मुक्यासारखं? शिबिरातल्या माणसाचं वाक्य माझ्या हाताशी होतंच. मी नवऱ्याला बजावलं की पोरीसमोर हात हलवायचे नाहीत, मुकी करायची आहे का तिला कायमची? तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ना." मी नाही राहू दिलं. आणि पोरीला कसं थांबवायचं ते मी आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून शिकले होते. तिनं हात उचलला की त्यावर फटका आणि कानाशी आरोळी, "हात मांगे!" हात पाठीमागे. पहिले काही दिवस तिला कळलं नाही, मग कळलं.

मशीन लावल्यावर सकाळी मी तिला मांडीवर घेऊन शिकवायला बसायची. खाली संचे चालू, वर पंखा, स्टोव्हचा भरभर आवाज, आणि मी पेटीच्या भोकाजवळ तोंड नेऊन, "माय म्हण! म्हण माय!" तेव्हा ती एक करायची. तळहात जमिनीकडे करून खाली दाबायची. दोनदा. थांबून परत दोनदा. माझ्या गुडघ्यावर, पेटीवर, हवेत. मी ती खूण रोज खात्यात बघत होते. पन्नास माणसं करताना बघितली होती. आणि मी तिच्या हातावर फटका मारायची आणि म्हणायची, "हात मांगे!" कारण माझ्या दृष्टीनं ते हातवारे होते आणि हातवारे बंद होते.

महिना-दोन महिन्यांत तिनं ते सोडलं. किंचाळणंही सोडलं. मशीन लावलं की दोन्ही हात पाठीमागे घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, किती वळण लावलंस ग. सासूबाई म्हणाल्या, सवय झाली.  नवऱ्यानं घरातही हात मांडीवर ठेवून बसायला सुरुवात केली होती, चहा हवा असला तरी मागायचा नाही.

पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या सुमारास शहरात प्लेगची साथ आली. ते सगळ्या देशाला माहीत आहे. एका रात्रीत अर्धं सुरत पळालं. सासूबाई शेजाऱ्यांबरोबर पहिल्याच दिवशी गावी गेल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. उधना स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, भोंगे, रडारड, लाउडस्पीकर, तोंडाला फडकी बांधलेली माणसं. आणि माझ्या पोरीच्या छातीवर ती पेटी, बटण पूर्ण फिरवलेलं, कारण मला भीती की गर्दीत चुकली तर माझी हाक तिला ऐकू आली पाहिजे. गाडी आली तशी ती खाली कोसळली. डोळे पांढरे, अंग लाकूड. लोकांना वाटलं हिलाच प्लेग झाला, भोवतीची माणसं एकमेकांना ढकलत मागे सरली. नवऱ्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि वळला. मी ओरडले, "गाडी! अहो, गाडी!" त्याला ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल. तो चालत बमरोलीपर्यंत आला आणि मी मागे ट्रंक घेऊन.

गल्ली रिकामी होती. खाती सगळी बंद. कारागीरच नाही तर संचे कोण चालवणार? त्या घरात इतकी वर्षं राहून मी पहिल्यांदा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. मला ते भयाण वाटलं. नवरा तर सारखा कान चोळत होता, त्याला कशाचा तरी आवाज येत राहायचा, कशाचाच नसलेला.

मशीनच्या पेटीतली बॅटरी संपली होती आणि दुकानं बंद. म्हणून, फक्त म्हणून, मी बटणं काढून ती पिशवी खुंटीला लावली. माझ्या अकलेनं नाही लावली.

दोन दिवस पोर कॉटखाली झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि गॅलरीत जाऊन बसली. मी आत डाळ निवडत होते. भीतीनं म्हणा, सवय मोडली म्हणून म्हणा, दोन दिवस मीही फारशी ओरडले नव्हते. वरताण ओरडावं असा कुठला आवाजच नव्हता. आणि गॅलरीतून बोलणं ऐकू आलं. बारीक, स्वच्छ.

"आठे देख. आयकू येस का तुले?"

मला वाटलं शेजारची कुणी परत आली. उठून बघितलं तर पोर एकटी. हातातल्या झाकणाकडे बघत, माझ्या सुरात, माझ्या हेलात, मी जिथे दम घेते तिथे दम घेऊन बोलत होती. "आठे देख. बहिरी शे का तू? बहिरी शे?" मग शिबिरातल्या माणसाचं, "बघा, रडली." मग सासूबाईंचं, शब्द न्‌ शब्द. मग उधना स्टेशनच्या लाउडस्पीकरवरची गुजराती घोषणा, सगळी, शेवटपर्यंत. दोन वर्षांत तिच्यासमोर जे जे कुणी बोललं होतं ते सगळं तिच्या आत होतं आणि एकेक करून बाहेर येत होतं.

मी नवऱ्याला हलवून उठवलं. "बोलनी हो! पोर बोलनी!" मी नाचायची बाकी होते. तो गॅलरीच्या दारात उभा राहिला. ती काय म्हणते ते त्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय म्हणते? मी सांगायला तोंड उघडलं. "ती म्हणते..." आणि मला पुढे सांगता येईना. माझ्याच तोंडातलं काय सांगू त्याला? तिथेच दारात खाली बसले मी आणि ऊर फुटेस्तोवर रडले.

साथ ओसरली, माणसं आली, संचे सुरू झाले. पहिला संचा सुरू झाला त्या सकाळी पोर परत कॉटखाली गेली. बोलणं बंद. पण आता मी गप्प बसणार नव्हते. दिवाळीनंतर विचारत विचारत एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. तिथे एका डॉक्टरबाईंनी पोरीला झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून तपासलं. कान चांगले होते. दोन्ही, अगदी चांगले. बाई गुजराती होत्या, माझ्यासाठी हिंदीत बोलल्या. म्हणाल्या, आपण बाजारात उभे असलो तरी समोरच्याचं बोलणं वेगळं काढून घेतो, बाकीचं मागे टाकतो. हिला ते जमत नाही. संचा, पंखा, कुकर, तुम्ही, सगळं एकाच मापानं एकदम आत येतं आणि दुखतं. शब्द साठतात, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागतो. मोठ्यानं बोललात तर अर्थ मोठा होत नाही, फक्त दुखणं मोठं होतं. त्यांनी एक शब्द सांगितला, ऑटिझम. तो मी औषधाच्या कागदी पिशवीवर देवनागरीत लिहून घेतला, कारण घरी येईपर्यंत विसरले असते. तिला असं कशानं झालं, मी विचारलं. झोळीमुळे का? बाई म्हणाल्या, झोळीमुळे नाही, संच्यामुळे नाही, ती जन्मतःच अशी आहे. मला वाटलं होतं हे ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. पण मशीनमुळे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "ती हातानं काही सांगते का? एखादी खूण? असेल तर ती जपा. तिथूनच बोलणं येईल."

नवऱ्याला ते ऐकू आलं नव्हतं. तो पोरीचे जोडे घालत होता. मी म्हणाले, नाही, काही नाही.

माझी मुलगी आज तिशीच्या पुढे आहे. आम्ही बमरोली सोडली, त्याला खूप वर्षं लागली, कारण पोट तिथेच होतं. ती पाणी म्हणते, जेवण म्हणते, कधीकधी अख्खी जाहिरात म्हणते. माय म्हणत नाही. लोक म्हणतात, तुम्ही किती केलंत तिच्यासाठी. मी त्यांना चहा देते.

दवाखान्यातून आल्यावर दोन दिवसांनी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, त्याच्या कानाशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणाले की मला शिकवा. त्यानं मला हात धरून खुणा शिकवल्या. चहा, बॉबिन, धागा. बंदची करताना माझा तळहात त्यानं आपल्या हातानं खाली दाबला, दोनदा, आणि थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी त्याला बोलू दिलं नव्हतं.

दुपारची वेळ होती, पाळी बदलताना खालचे संचे थोडा वेळ थांबले होते. पोर भिंतीशी उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसले, तोंड मिटून. एक शब्द बोलले नाही. हात पुढे केला, तळहात जमिनीकडे केला आणि दाबला. दोनदा. बंद. आता बंद, पोरी, मी बंद करते.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडची कुठलीच गोष्ट बघितली नव्हती. तिचा उजवा हात जरासा वर आला, अगदी कमरेपर्यंत, बोटं उघडली. मग तिनं घाईघाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक अडकवले आणि माझ्याच आवाजात, माझ्याच रागानं म्हणाली,

"हात मांगे."

खाली संचे सुरू झाले.